दुरुस्तीचा दावा आणि अपंग भाडेकरू

भाडेकरूचा इतिहास म्हटला की तो भाड्याचाच इतिहास असणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. भाडे किती वाढले, कोणी ते गोठविले, घरमालकाने कोणत्या वाटेने ते वाढवून घेतले आणि अखेरीस सरकारने काय केले, एवढ्यात तो आटोपतो. घर हे भिंती, जिना, उंबरठा आणि मोरी यांचे बनलेले असते, आणि त्यात राहणारा मनुष्य हाडामांसाचा असतो, ही गोष्ट या इतिहासात फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी डोकावते. ती ठिकाणे शोधावी, हा या विवेचनाचा हेतू आहे.

प्रश्न दिसावयास साधा आहे. घरमालक म्हणतो, घर जुने झाले, दुरुस्ती करावयाची आहे, काही महिने बाहेर राहा. धडधाकट कुटुंब कुरकुरत का होईना, पण बिऱ्हाड हलविते. त्याच वाड्यात कुबड्यांवर चालणारा, चाकांच्या खुर्चीवर बसणारा किंवा दृष्टी नसलेला भाडेकरू असेल, तर त्याच्या बाबतीत कायदा काही वेगळे सांगतो काय? आणि सांगत नसेल, तर का सांगत नाही?

दोन शब्दांविषयी आरंभीच सांगून टाकतो. 2024 साली आपल्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि कागदोपत्री आता तेच चालते. तथापि जुन्या वाड्यांची हकीकत सांगताना तोंडी जुने 'नगर'च येते. ते श्रोत्यांनी गोड मानून घ्यावे. तसेच सरकारदरबारी आज 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. आम्ही 'अपंग' म्हणतो, कारण ज्या काळाविषयी बोलावयाचे आहे त्या काळाचा तो शब्द आहे, आणि त्यात कमीपणा आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता वाड्याकडे वळू. माळीवाडा, नालेगाव, तोफखाना या बाजूंस ज्यांचे बालपण गेले त्यांना वर्णनाची गरज नाही. रस्त्यापासून दोनअडीच फूट उंच काळ्या दगडाचे जोते, त्यावर चढावयास दोनतीन पायऱ्या, दिंडीदरवाजाचा घोट्याच्या वर येणारा उंबरठा, आत चौक, चौकाभोवती ओसरी, कोपऱ्यात अंधारा जिना आणि परसात संडास. वर माळवद. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकावयाची, ती चोपावयाची, आणि तरीही श्रावणात कोठे ना कोठे गळती लागावयाचीच. हे घर एका कुटुंबासाठी बांधलेले होते. पुढे वारसांत वाटण्या झाल्या, मालक पुण्या-मुंबईस गेले, आणि ओसरीला पडदी घालून एकेका खणात एकेक बिऱ्हाड आले. वास्तू एकाच्या सोयीसाठी बांधावयाची आणि राहावयाचे दहांनी, अशी या घरांची कहाणी आहे.

अशा घरात अपंग माणूस राहतो तेव्हा तो घराशी एक तह करून राहतो. कोणत्या खांबाला धरावयाचे, कोणत्या पायरीचा दगड हलतो, मोरीपर्यंत किती पावले, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अंध मनुष्याच्या दृष्टीने तर घर हा त्याच्या डोळ्यांचाच एक भाग असतो. एखादा शेजारी कळवळून लाकडी फळीचा उतार करून देतो, कोणी भिंतीत दोरखंडासाठी कडी मारून देतो. हा तह वीसवीस वर्षांत जमलेला असतो आणि गवंड्याची पहार पहिल्या दिवशी तो मोडते. दुरुस्तीच्या दाव्यात खरा प्रश्न येथे आहे. तो भाड्याचा नाही, आणि केवळ छपराचाही नाही.

भाडेकरूला विनाकारण काढू नये ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धर्मस्थीय प्रकरणात घरभाड्याचा विषय आहे. नको म्हटल्यावरही घरात राहणाऱ्यास बारा पण दंड, आणि भाडे दिलेल्यास घराबाहेर काढणाऱ्यासही तोच दंड. मारहाण, चोरी अशा गोष्टी भाडेकरूकडून घडल्या असतील तर मात्र अपवाद. त्याच अधिकरणात थोडे पुढे वाक्पारुष्याचा विचार आहे. तेथे एकाक्ष, लंगडा अशा माणसाची 'काय सुंदर डोळे आहेत' अशी उपहासाने स्तुती करणाऱ्यास दंड सांगितला आहे, तोही बारा पणांचाच. हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. भाडेकरू शास्त्रकाराच्या दृष्टीस पडला होता आणि अपंगही पडला होता. दोघांची किंमतही त्याने सारखी ठरविली. परंतु हे दोघे एकाच माणसात एकत्र येऊ शकतात, हे त्याच्या ध्यानी आले नाही. पुढील दोन हजारांहून अधिक वर्षांत ते कोणाच्या ध्यानी आले असे दिसत नाही.

आधुनिक भाडेनियंत्रण हे महायुद्धाचे अपत्य आहे. 1915 साली ग्लासगोच्या कामगार वस्त्यांत भाडेवाढीविरुद्ध बायकांनी भाडेबंदी पुकारली. दारूगोळ्याच्या कारखान्यांचे काम अडू नये म्हणून त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने भाडी 1914 च्या पातळीवर रोखली. मुंबई इलाख्यात तसाच कायदा 1918 साली झाला. याच युद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना काही उद्योग शिकविण्यासाठी 1917 साली क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघाले, ते पुढे खडकीस स्थिरावले. एका वर्षाच्या अंतराने, एकाच सरकारने, एकाच युद्धामुळे या दोन्ही गोष्टी केल्या. परंतु भाडेकरूचे खाते निराळे आणि लुळ्या शिपायाचे खाते निराळे. भिंगारच्या छावणीमुळे नगरचा आणि शिपायाचा संबंध जुना आहे. घरी परतलेला जखमी शिपाई अखेर कोणाच्या तरी घरात भाड्यानेच राहावयाचा, हे येथील माणसास वेगळे सांगावयास नको. कायद्याला मात्र ते कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या महायुद्धाने 1939 आणि 1944 चे कायदे आणले, आणि त्या सर्वांचा सारांश होऊन मुंबईचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा झाला. तो 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला आणि थोडीथोडकी नव्हे, बावन्न वर्षे चालला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे तेरावे कलम महत्त्वाचे. घरमालकाला ताबा केव्हा मिळेल, याची यादी या कलमात आहे. त्यातील तीन कारणे येथे लक्षात ठेवावयाची. पहिले, मालकाला स्वतः राहण्यासाठी जागेची वाजवी आणि प्रामाणिक गरज आहे. दुसरे, जागा रिकामी केल्यावाचून होणार नाही अशी दुरुस्ती करावयाची आहे. तिसरे कारण मागाहून घातले गेले. ते म्हणजे जुनी इमारत पाडून तेथे नवी बांधावयाची आहे.

पहिल्या कारणाला कायद्याने एक लगाम घातला. मालकाची गरज खरी ठरली तरी तेवढ्याने हुकूमनामा होत नाही. ताबा दिल्याने भाडेकरूचे अधिक हाल होतील की नाकारल्याने मालकाचे अधिक हाल होतील, हे न्यायालयाने तोलून पाहावयाचे; दुसरी वाजवी जागा कोणाला उपलब्ध आहे तेही पाहावयाचे; आणि जागेचा काही भाग देऊन भागत असेल तर तेवढाच द्यावयाचा. ही तुलनात्मक हालांची कल्पना इंग्लंडच्या 1933 च्या कायद्यात होती, तेथून ती आपल्याकडे आली. कायद्याच्या दगडी भिंतीत हीच एक खिडकी अशी आहे की जिच्यातून भाडेकरूचे शरीर न्यायाधीशास दिसू शकते. भाडेकरू म्हातारा आहे, अंथरुणाला खिळलेला आहे, त्याचा एक पाय निकामी आहे, आणि म्हणून तळमजल्यावरची ही खोली सोडून तो कोठे जाणार, हे येथे रीतसर पुराव्यात येते आणि निकालात त्याला वजन मिळते. अर्थात मालकही अपंग असू शकतो, आणि तराजू दोन्ही बाजूंनी चालतो. ते योग्यच आहे.

परंतु हा तराजू फक्त पहिल्या कारणापुरता आहे! दुरुस्तीच्या कारणाला तो लावलेला नाही. पाडकामाच्याही नाही. 1947 साली नाही आणि 1999 सालीही नाही. नव्या कायद्याच्या सोळाव्या कलमात तीच वाक्यरचना जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. म्हणजे मालकाला स्वतःच्या मुलासाठी खोली हवी असेल तर भाडेकरूचे अपंगत्व विचारात घ्यावयाचे. आणि मालकाला छप्पर बदलावयाचे असेल तर हालांची ही तुलना करण्याचे बंधन नाही. कायदे करणाऱ्यांच्या मनात अपंगांविषयी आकस होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांचा तर्क असा असावा की दुरुस्तीत भाडेकरू कायमचा जात नाही, तो परत येतो, मग हाल कसले तोलावयाचे? या 'परत येतो' शब्दांतच सर्व गोम आहे.

परत येण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि तो चांगला दिला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दुरुस्तीसाठी हुकूमनामा करताना न्यायालयाने भाडेकरूला विचारावयाचे की तुला परत यावयाचे आहे काय. तो हो म्हणाला तर तसे हुकूमनाम्यात नोंदवावयाचे आणि जागा खाली करण्याची तारीख ठरवून द्यावयाची. 1947 च्या कायद्यात असे होते की त्या तारखेपासून महिन्याच्या आत मालकाने काम सुरू केले नाही, किंवा वाजवी मुदतीत संपविले नाही, किंवा संपवूनही ताबा दिला नाही, तर भाडेकरूने एक वर्षाच्या आत अर्ज करावा आणि न्यायालयाने त्याला मूळच्या अटींवर जागेत बसवावे. याहून अधिक कायद्याने काय करावे, असे कोणासही वाटेल.

मूळच्या अटींवर, म्हणजे भाडे तेच. पण उंबरठा तोच काय? माळवद जाऊन स्लॅब आला, शेणामातीची जमीन जाऊन गुळगुळीत फरशी आली, परसातला संडास आत आला. धडधाकट माणसाला ही सर्व सुधारणाच आहे. कुबडीच्या टोकाखाली तीच फरशी पावसाळ्यात जीवघेणी होते. न्हाणीघराला पाणी बाहेर येऊ नये म्हणून नवी चार इंची उंबरी घातली, की चाकाची खुर्ची दाराशीच थांबली. अंध गृहिणीने हाताने ओळखलेला खांब काढून तेथे मोकळी जागा केली, की तिला आपल्याच घरात चाचपडावे लागले. कायदा क्षेत्रफळ परत देतो, भाड्याचा दर परत देतो. जमलेला तह परत देत नाही. आणि मधल्या महिन्यांचे काय? हुकूमनामा झाल्यावर त्या काळात राहावयाचे कोठे, याची जबाबदारी ही कलमे मालकावर टाकीत नाहीत. धडधाकटाला पाहुण्यांकडे, भावाकडे राहता येते. ज्याला विशिष्ट उंचीचा पलंग आणि विशिष्ट जागी संडास लागतो, त्याला पाहुण्याचे घर तुरुंग होते. मुंबई बेटावरील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ झाले, आणि तेथे निदान संक्रमण शिबिरे निघाली. ती कशी चालली आणि त्यांत माणसे किती वर्षे अडकून पडली, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. नगरच्या वाड्याला मात्र ती व्यवस्थाही नाही.

येथे घरमालकाची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. 1947 च्या कायद्याने बहुतेक भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेविली. समजा त्या दिवशी एक खोली पाच रुपयांना दिलेली होती. तर कर वगैरेंची वाढ सोडता तिचे मूळ भाडे पन्नास वर्षांनीही पाचच. चुना, वाळू, सागवान आणि गवंड्याची मजुरी यांना मात्र कोणी बांधून ठेविले नव्हते. मालक दुरुस्ती कशातून करणार? सर्वोच्च न्यायालयाने 19 डिसेंबर 1997 रोजी मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात हे गोठविलेले भाडे अवाजवी ठरले असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर राज्याला नवा कायदा करणे भाग पडले. पन्नास वर्षे दुरुस्ती झाली नाही म्हणून आज प्रत्येक वाड्याची दुरुस्ती एकदमच निघते, आणि दुरुस्तीचे नाव घेता घेता पाडकामच निघते. स्वस्त भाड्याची किंमत अशा रीतीने वसूल होते, आणि ती ज्याला हलणे सर्वांत कठीण त्याच्याकडून अधिक होते.

31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात एक लहानशी तरतूद आहे. तीवर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण कायद्याच्या नजरेपुढे कोणता भाडेकरू उभा असतो हे तिच्यातून जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कशातून कळत नाही. मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केले तर भाडेकरूची जागा जाते, हा जुना नियम. त्याला स्पष्टीकरण जोडले आहे की पालिकेची परवानगी जेथे लागते तेथे ती घेऊन पुढील कामे करावयास मालकाची परवानगी नको: लाकडी पडदी, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धूर बाहेर टाकण्याची सोय किंवा धुराडे. यादी विचारपूर्वक केलेली आहे. भाडेकरू उभ्याने स्वयंपाक करतो, त्याला उकाडा होतो, त्याच्या डोळ्यांत धूर जातो, हे सर्व कायद्याने पाहिले. परंतु तो जिन्याशी अडतो, त्याला संडासात धरावयास दांडा लागतो, दाराशी उतार लागतो, हे पाहिले नाही. वातानुकूलन यंत्राला मालकाची परवानगी नको आणि आधाराच्या दांड्याला ती हवी की नको, याविषयी मौन! भिंतीला स्क्रूने बसविलेला दांडा किंवा उचलून ठेवता येणारा लाकडी उतार यांस कोणतेही न्यायालय सहजी पक्के बांधकाम म्हणेल असे आम्हांस वाटत नाही. पण ज्याच्या डोक्यावर आधीच दाव्याची तलवार आहे, तो मनुष्य असा धोका पत्करीत नाही. तो भिंत धरधरून चालतो.

याच कायद्यात नगरसारख्या छावणीच्या गावास जवळचे असे एक कलम आहे. सैन्यातील माणसाचे स्वतःचे घर भाड्याने दिलेले असेल, तर निवृत्तीनंतर ते परत मिळविण्यास त्याला आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांस खास सवलत आहे. ती रास्तच आहे. पण ती सैनिक घरमालक आहे म्हणून. सैनिक भाडेकरू असेल आणि लढाईत पाय गमावून आलेला असेल, तर त्याच्यासाठी तसे कलम नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. अपंगांचा म्हणून स्वतंत्र कायदा देशात 1995 साली झाला. त्यात शिक्षण, नोकऱ्या, सरकारी इमारती, रस्ते हे विषय होते. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रसंघाचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार मान्य केला आणि त्याला अनुसरून 2016 चा व्यापक कायदा आला. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. सरकारी गृहयोजनांत पाच टक्के राखीव हिस्सा आला. भेदभाव निषिद्ध झाला, आणि 'वाजवी सोय' नावाची एक फार मोलाची कल्पना आली: समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता अपंग माणसासाठी व्यवस्थेत जो फेरफार करता येईल, तो करून दिला पाहिजे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या होत्या. त्यांच्यातील जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांच्यासाठी हा कायदा दार ठोठावील असे कोणासही वाटले असते.

पण हा कायदा वाड्याच्या दिंडीपर्यंत येऊन घुटमळतो. सुगम बांधकामाची सक्ती त्याने 'आस्थापनां'वर केली आहे. खाजगी आस्थापनांत कंपनी आली, सहकारी संस्था आली, विश्वस्त संस्था आली. वडिलोपार्जित वाड्याचा एकटादुकटा मालक या व्याख्येत सहजी बसत नाही. एखाद्या देवस्थानच्या किंवा न्यासाच्या वाड्यातील भाडेकरूची बाजू यामुळे अधिक बळकट होते, आणि शेजारच्या खाजगी वाड्यातील त्याच्यासारख्याच माणसाची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि सक्तीचे नियम करण्यास सांगितले. हा निकाल मोठा आहे. तरीही भाडेनियंत्रणाचा कायदा आणि अपंगांचा कायदा एकमेकांचे नावही घेत नाहीत. एकाच गल्लीत राहणारे, पण तोंडओळख नसलेले दोन शेजारीच म्हणा ना!

अन्यत्र ही ओळख झालेली आहे. अमेरिकेत 1988 च्या गृहविषयक कायद्याने असे ठरविले की अपंग भाडेकरूने स्वखर्चाने घरात वाजवी फेरफार करावयाचे म्हटले तर मालकाला नकार देता येणार नाही. जागा सोडताना आतील भाग पूर्ववत करून देण्याची अट मात्र त्याला घालता येईल. खर्च भाडेकरूचा, हक्कही भाडेकरूचा. आमच्या मते ही तडजोड आपल्या परिस्थितीस फारशी परकी नाही. गरीब भाडेकरूला खर्च झेपणार नाही हा आक्षेप खरा आहे; पण आज त्याला खर्च झेपत असूनही हक्क नाही, हेही तितकेच खरे.

पाडकामाची गोष्ट दुरुस्तीच्या पुढची आहे. येथे कायदा अधिक सावध आहे. मालकाजवळ पैसा आहे काय, नकाशे तयार आहेत काय, नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूंना पुरेसे गाळे आहेत काय, हे पाहिल्यावाचून हुकूमनामा होत नाही. संख्या पाहिली जाते. मजला कोण पाहतो? जुन्या वाड्यात तळमजल्याच्या ओसरीवर राहणारा मनुष्य नव्या इमारतीत पाहिल्या मजल्यावर जातो, कारण तळमजल्यावर आता मोटारी आणि स्कूटरी उभ्या राहतात. तीन मजली लहान इमारतीत पुष्कळदा लिफ्टही नसते. नकाशावर त्याला जागा मिळालेली असते, जिन्यावर ती हिरावली गेलेली असते. उताराचा नियम आज एकास बारा मानला जातो. अडीच फूट जोत्याला तीस फूट लांबीचा उतार हवा. चितळे रस्त्याच्या आतल्या बोळांत तीस फूट आणावयाचे कोठून? म्हणून हा प्रश्न नकाशा मंजुरीपूर्वीच सोडवावा लागतो. जोतेच खाली घ्यावे लागते किंवा तळाशी एखादी खोली राखावी लागते. बांधून झाल्यावर तो सुटत नाही.

महानगरपालिका एखादी इमारत धोकादायक ठरवून ती रिकामी करावयास लावते, तेव्हा तर न्यायालयात जाण्याइतका अवधीही क्वचित असतो. नगरची पालिका 2003 साली महानगरपालिका झाली. तीस वर्षांवरील इमारतींची बळकटी तपासून घ्यावी असा नियम तिच्या कायद्यात आहे, आणि तो असावाच. जीव वाचला तर हक्क. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगली भागातील एका प्रकरणात हे स्पष्ट केले की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीलाही लागून असतो. अनेक मालकांचे हिशेब त्या निकालाने चुकविले.

या सर्वांत एका गोष्टीचा विसर पडू नये. येथवर सांगितलेले हक्क जुन्या भाडेकरूंचे आहेत, आणि तेही कायद्याच्या परिशिष्टात आलेल्या शहरांतले. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना त्या वेळी भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतरचा जमाना अकरा महिन्यांच्या कराराचा आहे. मुदत संपली की परवाना संपला. मालकाला दुरुस्तीचे कारणही सांगावे लागत नाही. आजचा तरुण अपंग कारकून किंवा शिक्षक सावेडीकडे घर घेतो ते बहुधा अशाच करारावर, आणि त्याच्यापाशी जे काही संरक्षण असेल ते करारात लिहून घेतलेल्या ओळींपुरतेच असते. उतार, दांडा, तळमजला यांविषयी दोन ओळी करारात घालून घेणे त्याच्या हाती आहे. आणि करार लेखी व नोंदणीकृत असावा असे कायदाच सांगतो.

जुन्या भाडेकरूच्या हाती काय आहे? मघाशी म्हटलेला तराजू दुरुस्तीच्या दाव्याला नसला, तरी 'जागा रिकामी केल्यावाचून होणार नाही अशी दुरुस्ती' हे शब्द आहेत, आणि ते सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. काम टप्प्याटप्प्याने, एकेक खण मोकळा करून होण्यासारखे असेल, तर ते तसे करता येईल असे जाणत्या इंजिनिअरच्या तोंडून न्यायालयापुढे आणणे हा अपंग भाडेकरूचा सर्वांत भक्कम बचाव आहे, असे आमचे मत आहे. खाली करण्याची तारीख न्यायालय ठरविते. तेथेही त्याची अडचण सांगण्यास जागा आहे. मालकाने घराची डागडुजी ठेवावी हे त्याचे कर्तव्यच आहे. त्याने ती केली नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. दरमहा दोनशे रुपये भाडे असेल तर ही रक्कम वर्षाला सहाशे होते. सहाशे रुपयांत आज काय येते, ते श्रोते जाणतात. एकोणतिसावे कलम मात्र खरोखर उपयोगाचे आहे. पाणी, वीज, जिन्यावरचे आणि बोळातले दिवे, लिफ्ट, संडासाची व्यवस्था या आवश्यक सेवा योग्य कारणावाचून तोडता येत नाहीत. काम चालू असताना 'दोन महिने लिफ्ट बंद' असे सहज सांगितले जाते. पाचव्या माणसाला ती गैरसोय आहे. खुर्चीवरच्या माणसाला ती दोन महिन्यांची कैद आहे, आणि तसे त्याने न्यायालयास सांगावे.

नगरचे असे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात, अपील जिल्हा न्यायालयात जाते, आणि त्यापुढे जावयाचे तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. वकिलाच्या खर्चाची मात्र एक सोय आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. 1987 च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी साधा अर्ज करावयाचा असतो.

शेवटी मुंबईतील एका पद्धतीचा उल्लेख करतो. तेथील उच्च न्यायालयाने 2014 साली धोकादायक इमारतींविषयी जी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, त्यांत असे आहे की इमारत पाडण्यापूर्वी पालिकेने प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील जागा मोजून तिची नोंद ठेवावी, म्हणजे पुढे त्याच्या हक्काविषयी वाद राहणार नाही. टेप धरून दोन माणसे येतात, लांबी लिहितात, रुंदी लिहितात. त्याच कागदावर आणखी तीन रकाने आखावयास काही खर्च नाही: भाडेकरू कोणत्या मजल्यावर राहतो, रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि घरात अपंग व्यक्ती आहे काय. यासाठी विधानसभेची वाट पाहावी लागत नाही. मोजणीचा तक्ता पालिकेच्या कचेरीतच छापला जातो.